सही आमच्या शाळेतली, मजकूर नाही

गुरुजी,

तुमच्यावर लिहायला बसलो आहे, याची आधी माफी मागतो. गेलेल्या माणसावर लिहायचं तर लिहिणारा त्याच्या तोलाचा हवा, निदान चार लोकांत त्याला बोलायची सवय हवी. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कागदाला टाक लावला नव्हता. बाबांचा अंगठा, आज्याचा अंगठा, त्यापलीकडे आमच्या घराण्याचं लेखन नाही. कॉलेजच्या वार्षिकासाठी ‘एखाद्या शिक्षकावर लिही’ असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. ते म्हणाले, लाजतोस कशाला. लाजेचं खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. ते असं आहे की तुमच्याविषयीच्या एका कागदावर माझी सही पाच वर्षांपासून आहे. त्या कागदानं तुम्हाला शाळेतून उचललं आणि धानोऱ्याच्या पलीकडे जंगलात नेऊन टाकलं. तुमच्यावरचा हा माझा दुसरा कागद. पहिला खोटा होता. या दुसऱ्यावर कोणी विश्वास का ठेवावा, हे मलाही सांगता येणार नाही.

तरी लिहितो, कारण मला राग आला आहे. दुःख आहेच, पण खोटं कशाला बोलू, दुःखापेक्षा राग मोठा आहे.

तुम्ही कुठे जन्मलात, किती शिकलात, हे मी लिहिणार नाही. मला ते नीट माहीतही नाही. आमच्या गावच्या मिडल शाळेत तुम्ही सातवीला होतात, एवढं पुरे. कुरखेड्याहून चार कोसांवरचं आमचं गाव, सगळं धानाचं, म्हणजे भातशेतीचं. त्या वर्षी देशात पहिल्यांदा सगळ्यांना मत मिळालं होतं. गावात मत देणारी माणसं भरपूर आणि वाचता येणारी बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलीही बहुतेक आम्ही शाळेतली पोरं. म्हणून तर मालकाचे दिवाणजी पत्रकांचा गठ्ठा घेऊन चावडीवर न जाता सरळ शाळेत आले. मालक म्हणजे आमचे मालगुजार, गावाचे जमीनदार. मालगुजारी नुकतीच गेली होती आणि ते निवडणुकीला उभे होते.

“मास्तर, पोट्ट्यायच्या हाती एकेक द्या. घरी वाचून दाखवतीन,” दिवाणजी म्हणाले.

“ठेवा,” तुम्ही म्हणालात. “त्या वकिलाचेही येऊ द्या. दोन्ही संगंच वाटू.”

जिल्ह्याच्या गावचे, चांद्याचे, एक वकील मालकाविरुद्ध उभे होते. दिवाणजींचं तोंड उतरलं. “त्याचे काऊन?”

“एका पारड्याची तागडी पाहिली काय तुम्ही कुठी, दिवाणजी?”

ते हसले, पण ते हसू मला आजही आठवतं. सावकार जसा हसतो तसं नाही, ज्याला घाई नाही तसं.

दोन दिवसांनी तुम्ही वर्गात एक बादली पाणी आणि सुपात धान घेऊन आलात. आम्हाला वाटलं आज शेतकीचा तास. बियाण्याचं धान पाण्यात टाकतात, भरलेला दाणा खाली बसतो, पोचट वर येतो, हे आमच्यातलं कोणतंही लेकरू झोपेत सांगेल. तुम्ही मूठभर धान टाकलंत आणि काही न बोलता वर तरंगणारं ओंजळीत काढून भिंतीवर मारलंत. मग मालकाचं पत्रक हाती घेतलंत. “आता हे पाण्यात टाकायचं आहे,” म्हणालात. “प्रत्येक शब्द टाकून पाहा. शब्द काढला आणि काहीच अडलं नाही तर तो पोचट.”

आम्ही पाटीवर ते पत्रक उतरवलं. ‘आपला लाडका, गोरगरिबांचा कैवारी, मातीत राबणारा, आपल्याच घरचा माणूस.’ एकेक शब्द पुसत गेलो तेव्हा शेवटी पाटीवर मालकाचं नाव आणि ‘मत द्या’ एवढंच उरलं. वर्ग खदखदून हसला. तुम्ही हसला नाहीत. लगेच वकिलाचं पत्रक दिलंत. त्यात सडक होती, दवाखाना होता, हायस्कूल होतं. आम्हाला वाटलं हे सगळं दाणेदार. तुम्ही विचारलंत, “सडक कुठून कुठी? कोणत्या साली? पैसा कोण देईल? हे लिहिलं आहे काय?” नव्हतं लिहिलेलं. “मग हा दाणा आहे, पण अर्धा भरलेला. पाण्यात अधांतरी राहते तसा. याला काय म्हणाल?” कोणालाच शब्द सापडला नाही. तुम्हीही सांगितला नाहीत.

त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते मी अजून कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नाही. तुम्ही म्हणालात, “घरी माय-बापाले हे तुम्ही वाचून दाखवणार. त्यायले कागद दिसत नाई, तुमचं तोंड दिसते. कागदातली लबाडी तुमच्या तोंडून निघाली तं ती तुमची होते. म्हणून वाचा, पण कागद कोण बोलून राह्यला, कोणाले बोलून राह्यला आणि काय सांगत नाई, तेही घरी सांगा. मत कोणाले द्यायचं हे मात्र सांगायचं नाई. ते त्यायचं त्यायले.”

मत कोणाला द्यायचं हे सांगायचं नाही, हे वाक्य तुम्ही फळ्यावर लिहून दिलंत. आमच्या सगळ्यांच्या वहीत ते होतं. पुढे चौकशीत एकाचीही वही कोणी मागितली नाही.

गुरुजी, मला तेव्हाही एक पटलं नव्हतं आणि मी शाळा सुटल्यावर तुमच्यामागे येऊन ते बोललो होतो. मालकानं आमच्या आज्याला बांधावरून हाकलून दिलं होतं. वकिलानं आमचं काही वाईट केलं नव्हतं, फक्त मोघम लिहिलं होतं. मी म्हणालो, “गुरुजी, दोघं सारखे कसे?” तुम्ही म्हणालात, “मी सारखे म्हटलं नाई. सारखे तपासा म्हटलं.” मी म्हणालो की मग तपासून जे निघालं ते मोठ्यानं का सांगू नये. तुम्ही चालत राहिलात. हा वाद आपला तिथेच राहिला, आणि नंतरही मिटला नाही.

मग मंडई आली. दिवाळीनंतरची आमच्या गावची मंडई म्हणजे चार गावांची माणसं, जिलेब्यांचे ठेले, दंडारीच्या नाचगाण्याचा मांडव. त्या वर्षी दिवेलागणीला मालकाच्या माणसांनी दोन बांबूंमध्ये पांढरं धोतर ताणलं आणि गॅसबत्तीच्या यंत्रातून काचेवरची चित्रं त्यावर पाडली. असं काही आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. मालक लेकराला कडेवर घेतात, मालक म्हातारीला घोंगडं देतात, मालक देवळासमोर हात जोडतात. एक माणूस कर्ण्यातून सांगत होता. शेवटचं चित्र रोवण्याचं, म्हणजे धानाच्या लावणीचं होतं. मालक धोतर खोचून बांधीत, धानाच्या वावरात, वाकलेले, हातात पऱ्हे, म्हणजे लावायची कोवळी रोपं, मागे रोवणाऱ्या बाया. ‘आपल्यासारखाच चिखलात राबणारा’ असं कर्णा ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या बाजूला माय बसली होती. तिचं सारं आयुष्य दुसऱ्यांच्या बांधीत वाकून रोवण्यात गेलं. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

“काय झालं वं, माय?”

“अगा, ते पऱ्हे आहे काय? लोंबीवर आलेलं धान आहे ते. उभ्या पिकातून उपटून हाती धरलं. असं कोणी रोवते काय बाप्पा?”

बाजूच्या बायकांनी पाहिलं आणि त्याही हसल्या. पत्रकावर तोच फोटो होता, पण शाई इतकी पसरलेली की काही कळत नव्हतं. धोतरावर लोंबी हातभर लांब दिसत होती. श्रावणातलं काम म्हणून दाखवलेला फोटो आश्विनातला होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हे सांगितलं. तुम्ही खडू खाली ठेवलात. “तुझ्या मायनं आज माझा धडा घेतला,” म्हणालात. “तिला वाचता येत नाही आणि तिनंच वाचलं.” इतके खूश तुम्ही आम्हाला कधी दिसला नव्हता. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याच मांसानं पुढे घात केला.

आठ दिवसांनी मालक स्वतः सभेला आले. चावडीसमोर सतरंजी, पुढे आम्ही पोरं. भाषण झाल्यावर मालकांनी मोठ्या मनानं विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का. असं विचारायची पद्धत असते, त्यावर कोणी विचारत नसतं, हे मला कुठे माहीत. मी उभा राहिलो.

“मालक, फोटोतल्या पऱ्ह्याले लोंब्या कशा?”

मग मागून एक म्हातारा म्हणाला, “मालकाच्या बांधीत रोवणा अन् कापणी एकाच दिवशी होते गा, पोट्ट्या. मोठ्यायचं सारंच लवकर,” आणि सारी सभा फुटली. बाया, माणसं, कोतवाल, सगळे. मालकही हसले. दिवाणजी वाकून मला म्हणाले, “हुशार आहेस. कोणत्या मास्तरचा?”

मी अभिमानानं तुमचं नाव सांगितलं.

मालक निवडून आले, गुरुजी. चांगल्या मतांनी आले. आमच्या गावानंही त्यांनाच मतं दिली असतील, लोक भितात. त्यांना सगळं मिळालं. तरी ते एक हसू त्यांना पचलं नाही. मी पुष्कळ विचार केला की एवढ्या मोठ्या माणसाला एवढ्याशा हशाचं काय. आता वाटतं, मतं त्यांना मागावी लागली, पण हशा कोणी मागितला नव्हता, म्हणून तो त्यांना खरा वाटला असेल.

थंडी सरता सरता दिवाणजी आमच्या घरी आले. बाबांनी घोंगडं झटकून टाकलं. दिवाणजी त्यावर बसले आणि म्हणाले, “तुया पोट्टा हुशार आहे. सातवीनंतर चांद्याले हायस्कूलमधी धाड. बोर्डिंगमधी मालक शब्द टाकतीन.” मालकाला सभेत उलटं विचारलं म्हणून बाबांनी मला त्या दिवशी चिंचेच्या फोकानं मारलं होतं. आणि आता हे. दिवाणजींनी दोन कागद काढले. वरचा बोर्डिंगचा अर्ज. तो मी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला, अगदी तुम्ही शिकवलं तसा. खालच्या कागदाचा फक्त शेवट दिसेल असा तो वरच्याखाली दुमडला होता. “हे त्याच्याच संगचं,” ते म्हणाले. बाबांनी अंगठा लावला. मी सही केली.

वाचलं नाही. सगळ्या वर्गात पत्रकातला शब्दन्‌शब्द पाण्यात टाकणारा मी, ज्या कागदावर माझं नाव जाणार होतं तो उलगडून पाहिला नाही. दिवाणजी मोठ्या माणसासारखे बसले होते, बाबांच्या अंगठ्याला शाई लागली होती, आणि मला चांदा दिसत होतं. याहून जास्त सबब माझ्याकडे नाही.

पंधरा दिवसांनी वरच्या कचेरीतून एक साहेब चौकशीला आले. वर्ग भरलेला असतानाच त्यांनी खुर्ची मागवली. तुम्ही शाळेत एका उमेदवाराविरुद्ध प्रचार केला, मुलांकरवी घरोघर सांगितलं की मालगुजारांना मत देऊ नका, असा तुमच्याच विद्यार्थ्याचा जबाब आहे, म्हणाले. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. ‘आमच्या गुरुजींनी आम्हास शिकविले की’ असं सुरू होणारं ते वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ऐकता ऐकता माझे कान तापले आणि मला कळलं की हा तो खालचा कागद आहे.

साहेबांनी कागद तुमच्या हाती दिला. तुम्ही तो पुढून वाचला, मागून पाहिला, सही असलेल्या ठिकाणी थोडा वेळ थांबलात. माझी सही तुमच्याशिवाय कोण ओळखणार. ‘ल’ची गाठ कशी मारायची हे तुम्हीच माझा हात धरून शिकवलं होतं. तुम्ही कागद घडी करून परत दिला.

“साहेब, सही आमच्या शाळेतली आहे. मजकूर आमच्या शाळेतला नाही.”

“म्हणजे काय? कोण आहे हा मुलगा? उभा राहा.”

मी उठायच्या आधी तुम्ही हात आडवा केला. “लेकराले उभं करू नका, साहेब. काय असेल ते माझ्या नावानं लिहा.”

साहेबांनी तेच केलं. तुमच्या नावानं लिहिलं. ‘मजकूर आमच्या शाळेतला नाही’ हे मात्र लिहिलं नाही. टाक त्यांच्या हातात होता, दौत समोर होती, वाक्य लहान होतं. माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी ते सोडून दिलं. गुरुजी, कागद काय सांगत नाही ते पाहा, असं तुम्ही शिकवत होतात. सरकारी कागदसुद्धा तसाच गप्प बसतो, हे शिकवायला तुम्हाला पुढचा तास मिळाला नाही.

‘सोयीसाठी’ बदली झाली. कोणाच्या सोयीसाठी, हे लिहिलं नव्हतं. म्हाताऱ्या आईला आणि दोन ट्रंकांना बैलबंडीत घालून तुम्ही धानोऱ्याकडे निघालात. मी घरातून बाहेर पडलो नाही. गावात लोक म्हणाले, “मास्तर भला होता, पण राजकारणात कायले पडावं माणसानं?” हेच मला सहन होत नाही, आजही होत नाही. राजकारणात तुम्ही पडलात? गठ्ठा घेऊन शाळेत कोण आलं होतं? धोतर ताणून खोटं रोवणं कोणी दाखवलं? लहान पोराची सही दुमडलेल्या कागदावर कोणी घेतली? ते सगळं म्हणजे निवडणूक, आणि तुम्ही बादलीत मूठभर धान टाकलं ते राजकारण. असं बोलणाऱ्या माणसांत माझे बाबा होते. मीही काही बोललो नाही, कारण आषाढात मला बोर्डिंगची जागा मिळाली.

त्या जागेवर मी चार वर्षं जेवलो. मॅट्रिक झालो, नागपूरला कॉलेजात आलो. माझं जे काही आहे ते त्या दोन कागदांमुळे आहे, वरच्या आणि खालच्या.

यंदा दिवाळीच्या सुटीत मी धाडस करून तुमच्याकडे आलो. सडक संपल्यावर दोन कोस चालावं लागलं. तुमची आई मधल्या काळात गेली होती, हे मला तिथे कळलं. तुम्ही किती वाळला होता. रंग पिवळा पडलेला. “थंडीताप आहे, येते-जाते,” म्हणालात, जसा तो पाहुणाच आहे. शाळा म्हणजे कुडाच्या भिंती, पंधरा-वीस पोरं, निम्मी मोहफुलं वेचायच्या दिवसांत येत नाहीत. तुम्ही गोंडी शिकला होता. पोरं तुमच्या चुकांना हसत होती आणि तुम्ही त्यांच्याकडून सुधारून घेत होता.

आणि ओसरीवर पत्रक पडलेलं होतं. दुसरी निवडणूक तोंडावर होती. मालक पुन्हा उभे, आणि फोटो तोच. पाच वर्षांत त्या पऱ्ह्याच्या लोंब्या पिकल्या नाहीत की झडल्या नाहीत. या वेळी छपाई बरी होती, लोंबी स्वच्छ दिसत होती, आणि खाली लिहिलं होतं, ‘जंगल तुमचंच आहे.’ तुम्ही ते गोंडीत पोरांना सांगत होता. गावचे पुजारी, ज्यांना तिथे गायता म्हणतात, दारात टेकून ऐकत होते. मला पाहून मराठीत बोलले.

“भाऊ, शिकलेला दिसतेस. एक सांग. जंगल आमचं आहे, हे आमालेच काऊन सांगून राह्यला तो? फारेस्टच्या गार्डाले सांग म्हनावं. त्याले माहीत नाई.”

तुम्ही माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्यात. पाहा, मी नाही शिकवलं, असं. तेव्हा मला इतकं बरं वाटलं की वाटलं आता सांगावं. जेवताना मी सुरुवात केली.

“गुरुजी, त्या दिवशी साहेबासमोर तुम्ही आणखी काऊन बोलला नाही? वह्या दाखवायच्या होत्या. आम्हाला विचारायला लावायचं होतं.”

“काय विचारायला लावायचं होतं?”

“की मजकूर खोटा आहे म्हणून.”

“ते मी बोललो.”

“साहेबानं लिहून घेतलं नाही.”

“ते साहेबाचं.” तुम्ही माझ्या ताटात भात वाढलात. “तेरा-चौदा वर्षांच्या लेकरायले साक्षीले उभं करून मास्तरनं आपली नोकरी राखायची काय?”

“पण मग खोटं जिंकलं ना.”

“तुले अजून तेच पाह्यजे. तपासलं का लगेच जिंकलं पाह्यजे.” तुम्ही चिडला होता थोडे, मला ते आवडलं. मी म्हणालो, जिंकायला नको, पण निदान हरायला तरी नको. तुम्ही म्हणालात, यावर तू कॉलेजातून शिकून ये, मग भांडू. आणि मग एकदम, अगदी सहज विचारलंत, “बोर्डिंगात जेवण कसं होतं रे?”

तुम्हाला माहीत होतं. सही ओळखल्यावर जागा कुठून आली हे न कळण्याइतके तुम्ही भोळे नव्हता. तुम्ही टोचायला विचारलंत की खरंच जेवणाची काळजी होती, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी म्हणालो, “वरण पातळ राह्यचं.” तुम्ही मान हलवलीत. आणि आपण दोघं ताटं घेऊन उठलो.

माफी मागायची ती वेळ होती. मी वरणाबद्दल बोललो.

नागपूरला परतल्यावर आमचे नागरिकशास्त्राचे प्राध्यापक ‘प्रचार’ या विषयावर शिकवत होते. विलायतेतली उदाहरणं होती. मी भीत भीत उठून बादलीतल्या धानाचं सांगितलं. मागच्या बाकावरून कोणी ‘धान, धान’ म्हणून माझ्या बोलण्याची नक्कल केली, पोरं हसली. प्राध्यापक हसले नाहीत. म्हणाले, असं शिकवणारा माणूस कुठे आहे? मी म्हणालो, जंगलात. का, म्हणाले. मला उत्तर देता आलं नाही, आणि त्याच दिवशी ठरवलं की उत्तर जिथे द्यायला हवं तिथे द्यायचं.

मी वरच्या कचेरीला अर्ज लिहिला. तुम्ही शिकवलं तसा लिहिला, ज्यावाचून अडत नव्हतं तो प्रत्येक शब्द काढला. लिहिलं, की त्या जबाबावरची सही माझी आहे. मजकूर माझा नाही. कागद दुमडून मला दिला, मी तो वाचला नाही. गुरुजींनी मत कोणाला द्या किंवा देऊ नका असं कधी सांगितलं नाही, उलट सांगू नका असं फळ्यावर लिहून दिलं, ती वही माझ्याजवळ आहे, मागाल तेव्हा हजर करतो. जबाब रद्द करावा आणि गुरुजींच्या नावावरचा ठपका काढावा. दिवाणजींचं नाव लिहिलं. बोर्डिंगची जागा कशी मिळाली तेही लिहिलं. अर्ज रजिस्टर करून पाठवला.

तुम्हाला मात्र कळवलं नाही. मला वाटलं, नुसता अर्ज काय दाखवायचा, उत्तर येऊ दे. उत्तर घेऊन मीच येईन, तुमच्या हातात ठेवीन, तुम्ही पुढून वाचाल, मागून पाहाल. तेव्हा जे बोलायचं ते बोलेन. या कल्पनेत मी सगळा हिवाळा काढला. निवडणूक येऊन गेली. नागपूरच्या भिंती रंगल्या आणि पुसल्या. पोचपावती आली, त्यावर कचेरीचा शिक्का होता. म्हणजे अर्ज कोणाच्या तरी टेबलावर होता, आणि तुम्ही दोन कोस जंगलात होता, आणि त्या दोघांच्या मध्ये एका पोस्टकार्डाचं अंतर होतं. कोणी ते टाकलं नाही. मीही टाकलं नाही. त्यांच्यावर रागावतो तेव्हा हे विसरत नाही.

तुम्ही गेलात हे मला तुमच्या गायत्यांनी कळवलं नाही, त्यांना माझा पत्ता माहीत नव्हता. आमच्या गावानं कळवलं नाही, गावाला तुमची खबरच नव्हती. बाबांनीही नाही. परवा दुपारी हॉस्टेलच्या फळीवर माझ्या नावाचा सरकारी लिफाफा होता. मी तो घेऊन खोलीत आलो, दार लावलं, हात धुतले. त्यात एका पानावर दोन ओळी टाइप केलेल्या होत्या. की आपला अर्ज मिळाला. की सदर शिक्षक मागील महिन्यात तापाने मयत झाल्याने आपल्या अर्जावर कारवाई करण्याचे कारण उरलेले नाही, सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे.